हॉस्पिटलमध्ये असिस्टंट म्हणून लागायचंय? कोर्स, पगार आणि पुढचा रस्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या नर्सिंग ऑफिसात दरवर्षी तेच फोन सुरू होतात. ताई, पुतणीला हॉस्पिटलमध्ये कुठं चिकटवता येईल का, कुठला कोर्स लागतो, हातात किती पडतात, आणि तो सहा महिन्यांत नर्स करून देणारा क्लास खरा असतो का. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. हॉस्पिटलमध्ये पगार कष्टावर ठरत नाही, कागदावर ठरतो. पेशंटला उचलणारा, पुसणारा, कूस बदलणारा माणूस सगळ्यात जास्त राबतो आणि सगळ्यात कमी घेऊन घरी जातो, कारण त्याचं कुठल्याच कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन नसतं. हे बरोबर आहे का, तर मला विचाराल तर नाही. पण आहे ते असं आहे. म्हणून असिस्टंट म्हणून जरूर लागा, घरची गरज असेल तर उद्याच लागा, फक्त वर्ष-दोन वर्षं काम करून मग ज्यातून रजिस्ट्रेशन मिळेल अशा कुठल्यातरी कोर्सला नाव घाला. दहा-दहा वर्षं त्याच वॉर्डात त्याच जागेवर असलेले मामा-मावशी मी रोज बघते, काम डोळे झाकून करतात, आणि काल आलेल्या नव्या पोराच्या आणि त्यांच्या पगारात दोन-तीन हजारांचाच फरक असतो.

आधी ठरवा की नक्की कुठलं काम

अमेरिकेत मेडिकल असिस्टंट म्हणून एक वेगळी पोस्टच असते, क्लिनिकमध्ये बीपी घेणं, फाइल भरणं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून इंजेक्शन देणं असं सगळं एकच माणूस बघतो. आपल्याकडे हेच काम चार-पाच जणांत वाटलेलं असतं.

वॉर्डात जीडीए असतो, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, जुन्या भाषेत वॉर्डबॉय आणि आयाबाई. पेशंटची अंघोळ, स्पंजिंग, बेड करणं, भरवणं, एक्सरेला नेऊन आणणं, सॅम्पल लॅबला पोचवणं. डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यात कंपाउंडर किंवा क्लिनिक असिस्टंट असतो, तिथं नंबर लावणं, केसपेपर काढणं, फोन घेणं, ड्रेसिंगचं सामान लावून ठेवणं असं असतं, काम हलकं आणि पगारही हलकाच. मग टेक्निशियन लोक, म्हणजे लॅब, ओटी (ऑपरेशन थिएटर), डायलिसिस, एक्सरे, कॅथलॅब (जिथं अँजिओग्राफी होते). आणि मग नर्सिंग, म्हणजे एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी), बीएस्सी. ही शेवटची दोन टोळकी वेगळी, त्यांना कोर्स आणि नोंदणी लागते. पहिल्या दोघांना कायद्याने काही लागत नाही, म्हणून तिथं शिरकाव सोपा आणि म्हणूनच पैसाही कमी.

तुम्हाला रक्त, उलटी, संडास-लघवी बघून गरगरतं का हे खरंखुरं स्वतःला विचारा. गरगरत असेल तर लाजायचं काही नाही, बिलिंग, टीपीए म्हणजे मेडिक्लेमचा डेस्क, मेडिकल रेकॉर्ड असली कामंही हॉस्पिटलमध्येच असतात. पण वॉर्डात येऊन दुसऱ्या दिवशी पळून जाणारे बरेच असतात, म्हणून आधी कुणा नातेवाइकासोबत एक रात्र जनरल वॉर्डात काढून बघा, सगळं कळतं.

जीडीएचा कोर्स करावा का

करावा, पण फुकट मिळत असेल तर. केंद्र सरकारची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 पासून चालू आहे, तिच्यात जनरल ड्युटी असिस्टंट हा कोर्स हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवतात, विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत. बहुतेक ठिकाणी दहावी पास चालतं. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर आपल्या जिल्ह्यातली सेंटरं दिसतात. सेंटर बघायला जाल तेव्हा दोनच गोष्टी बघा, एक म्हणजे तिथं खरा हॉस्पिटलचा बेड, व्हीलचेअर, बीपीचं मशीन आहे का, आणि दुसरं म्हणजे हॉस्पिटल पोस्टिंग किती दिवसांचं आणि कुठल्या हॉस्पिटलात. ज्या सेंटरवर नुसता प्रोजेक्टर आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत तिथून सर्टिफिकेट मिळेल, हात तयार होणार नाही.

प्रायव्हेट क्लासला तीस-चाळीस हजार भरून हा कोर्स करू नका. तेवढे पैसे जीडीएच्या पगारातून वसूल व्हायला किती महिने लागतील ते पुढचे आकडे वाचून तुम्हीच काढा. बरीच मोठी हॉस्पिटलं नवखं पोरगं घेऊन स्वतःच शिकवतात, त्यामुळे कोर्स नसला म्हणून दार बंद असतं असं नाही.

बोर्डवर काय लिहिलंय त्यापेक्षा कौन्सिलच्या यादीत नाव आहे का ते बघा

एसटी स्टँडच्या आजूबाजूला वरच्या मजल्यावर ‘नर्सिंग, 1 वर्ष, 100 टक्के नोकरी’ असे बोर्ड असतात ना, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलते कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच बुडतात.

भारतात नर्स म्हणून काम करायचं तर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नाव लागतं, आपल्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. आणि तिथं नाव लागण्याजोगा सगळ्यात छोटा कोर्स म्हणजे एएनएम, तो 2 वर्षांचा. जीएनएम 3 वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचा. संपलं. सहा महिन्यांचा, एक वर्षाचा, पत्राने करायचा नर्सिंग कोर्स असं काही नसतंच. त्या क्लासचं सर्टिफिकेट घेऊन तुम्ही जास्तीत जास्त जीडीए म्हणून लागाल, ते तर त्याशिवायही लागला असता.

बोर्डवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं. विचारा की कशाची मान्यता. बरेचदा ती संस्थेची, म्हणजे ट्रस्टची नोंदणी असते, कोर्सची नसते. आयएसओ सर्टिफिकेट काचेत लावलेलं असतं, त्याचा नर्सिंगशी काडीचा संबंध नाही. तपासायचं कसं तर इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या दोघांच्या वेबसाइटवर कॉलेजांच्या याद्या असतात, त्यात कॉलेजचं नाव, कोर्स आणि सीट्स बघायच्या. कॉलेज यादीत असलं तरी त्यांना फक्त एएनएमची परवानगी असेल आणि ते जीएनएमची फी घेत असतील असंही होतं, म्हणून कोर्सचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि एक, ‘तुम्ही यायची गरज नाही, आम्ही हजेरी लावतो’ असं जो म्हणतो तिथून तर उठूनच या.

टेक्निशियनच्या बाबतीत आता कायदा बराच स्पष्ट झालाय. 2021 साली केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान 2,000 तासांचा, दोन ते चार वर्षांत पसरलेला डिप्लोमा किंवा डिग्री लागते. म्हणजे सहा महिन्यांचा ओटी टेक्निशियन आणि तीन महिन्यांचा डायलिसिस टेक्निशियन यांचं पुढं काय होणार ते ओळखा. छोट्या हॉस्पिटलांत वॉर्डबॉयलाच ओटीत उभं करून ओटी असिस्टंट करतात, पोरं हुशार असतात, सर्जनला कुठलं इन्स्ट्रुमेंट कधी लागेल ते न सांगता हातात देतात, पण ते डॉक्टर रिटायर झाले किंवा हॉस्पिटल बदलायची वेळ आली की एचआरवाला डिप्लोमा मागतो आणि सगळा अनुभव शून्यावर येतो.

कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यात काय शिकायचं

मोठ्या माणसाचे नॉर्मल आकडे पाठ करा, इंटरव्ह्यूलाही हेच विचारतात. बीपी 120/80 च्या आसपास, पल्स 60 ते 100, श्वास मिनिटाला 12 ते 20, ऑक्सिजन 95 च्या वर. आकडा वेगळा दिसला की सिस्टरला लगेच सांगायचं, स्वतः अर्थ लावत बसायचं नाही.

कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, हे बायोमेडिकल वेस्टच्या 2016 च्या नियमांतून आलेत. रक्ताचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात. सलाइनचे सेट, नळ्या, कॅथेटर, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. तपासणीवाले आले की पहिला प्रश्न मावशींनाच विचारतात, डॉक्टरांना नाही.

आता पेशंट हलवणं, हे मात्र हातानेच शिकायचं असतं. समजा पॅरालिसिसचा पेशंट आहे, उजवी बाजू गेलेली आहे आणि त्याला बेडवरून व्हीलचेअरवर घ्यायचंय. नवीन पोरगं खुर्ची जिथं जागा दिसेल तिथं लावतं. खुर्ची लावायची ती पेशंटच्या चांगल्या बाजूला, इथं डावीकडे, म्हणजे तो डाव्या पायावर भार देऊन वळू शकतो. आधी दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलायच्या नाहीतर त्यातच पाय अडकतो. पेशंटला आधी बेडच्या कडेला पाय खाली सोडून मिनिटभर बसवायचं, चक्कर येते का विचारायचं. लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. उचलताना आपण कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. आणि कॅथेटर असेल तर लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पेशंटच्या मांडीवर ठेवून फिरवायची नाही, लघवी उलटी वर जाते आणि इन्फेक्शन होतं. हे सगळं जमलं की इनचार्ज सिस्टर तुम्हाला नावाने ओळखायला लागते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे नाईटला सगळ्यात जास्त बुडतं आणि बेडसोर मात्र सकाळच्या ड्युटीला दिसतो.

स्वतःसाठी दोन गोष्टी. कावीळ ब ची लस घ्या, तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. हॉस्पिटलने फुकट द्यायला हवी, मागा. आणि सुई टोचली तर लपवायचं नाही. जखम दाबून रक्त काढायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि ताबडतोब कॅज्युअल्टीत सांगायचं, कारण एचआयव्हीची बचावाची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी, दोन तासांत तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. 28 दिवस घ्यायची असतात. ओरडा बसेल म्हणून गप्प बसणारी पोरं असतात, त्यांना मी एवढंच सांगते की ओरडा दहा मिनिटांत संपतो.

आणि रेषा. जीडीएने इंजेक्शन द्यायचं नाही, सलाइन लावायचं नाही, औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. छोट्या हॉस्पिटलांत नाईटला एकच सिस्टर असते, ती म्हणते अरे तेवढं इंजेक्शन देऊन टाक, शिकशील. शिकावंसं वाटतंच, इज्जतही वाटते. पण पेशंटला काही झालं तर कागदावर नाव तुमचं येणार, नोंदणी नसताना दिलं म्हणून, आणि त्या वेळी तुम्ही दिलंच का असं विचारणारी तीच सिस्टर असेल. नम्रपणे सांगायचं, सिस्टर मी ट्रे लावून देतो, तुम्ही द्या.

पगार: सांगतात किती आणि हातात किती

प्रायव्हेटमध्ये आकडा शहर आणि बेड यांवर फिरतो. तालुक्याच्या ठिकाणी दहा-पंधरा बेडच्या हॉस्पिटलात जीडीएला महिन्याला सात ते दहा हजार, पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात साधारण बारा ते सोळा हजार, आयसीयू किंवा ओटीत थोडे वर. नवीन जीएनएम सिस्टर किंवा ब्रदरला मोठ्या शहरात अठरा ते पंचवीस हजार. नवीन लॅब टेक्निशियनची सुरुवात बारा-पंधरावरच होते, इथं बऱ्याच जणांचा भ्रमनिरास होतो, पण डायलिसिस, कॅथलॅब असल्या ठिकाणी चार-पाच वर्षांचा हात तयार झाला की आकडा झपकन चढतो. हे मी जाहिराती आणि आजूबाजूची हॉस्पिटलं बघून सांगतेय, तुमच्या गावात हजार-दोन हजार इकडे-तिकडे धरा.

आता जाहिरातीत ‘पगार 18,000’ लिहिलेलं असतं त्याचं काय होतं ते बघा. विचारा की हे सीटीसी (मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च) का ग्रॉस (तुमची कपात व्हायच्या आधीचा पगार). समजा सीटीसी 18,080 आहे. त्यातून मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,560 आणि मालकाच्या वाट्याचं ईएसआय (कामगार विमा) 520 आधीच बाजूला, ग्रॉस राहिला 16,000. यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 13,000 धरला तर तुमचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,560, ईएसआय ग्रॉसवर 0.75 टक्के म्हणजे 120, प्रोफेशनल टॅक्स 200. हातात 14,120. बाई असाल तर महाराष्ट्रात 25,000 पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, म्हणजे 14,320. वर हॉस्टेल आणि मेसचे कापले तर आणखी खाली. फसवणूक झाली असं नाही, पण हे माहीत नसलं की पहिल्या पगाराला रडायला येतं.

पीएफ-ईएसआय कापतात म्हणून चिडू नका, ते कापत नाहीत अशा ठिकाणी जास्त घाबरा. ग्रॉस 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागतं, त्यात घरच्यांचेही उपचार होतात आणि आजारी पडून घरी बसावं लागलं तर नियमात बसत असेल तर 70 टक्के मजुरी मिळते. पीएफचा यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ खाते नंबर, पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा पैसे खरंच भरतात का. पगारातून कापले पण भरले नाहीत असं घडतं.

जॉइन होताना विचारायचे प्रश्न: मी हॉस्पिटलच्या रोलवर का कॉन्ट्रॅक्टरच्या? (मोठ्या हॉस्पिटलांत निम्मे मामा-मावशी कॉन्ट्रॅक्टरकडे असतात, युनिफॉर्म तोच, सुट्ट्या वेगळ्या.) ड्युटी आठ-आठ-आठ तासांची का सहा-सहा आणि नाईट बारा तासांची? डबल ड्युटीचे पैसे मिळतात का नुसता ऑफ? महिन्यात ऑफ किती? अपॉइंटमेंट लेटर कधी देणार? आणि ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेत असतील तर देऊ नका, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या. हॉस्पिटलच्या कामालाही किमान वेतन लागू आहे, परिमंडळाप्रमाणे म्हणजे भागाप्रमाणे दर ठरतात आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, कामगार आयुक्तालयाच्या साइटवर तक्ता असतो. त्याच्या खाली पगार देणं बेकायदा आहे, आणि तरीही देतात, हे दोन्ही खरं.

नर्सेसच्या बाबतीत 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने कमिटी नेमली होती. तिनं सांगितलं की 200 च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, 100 च्या वर असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 ला 25 टक्के कमी, आणि 50 च्या खालच्या हॉस्पिटलातही 20,000 पेक्षा कमी नको. शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे अंमलबजावणी कशी आहे ते वरचे आकडे बघून कळलंच असेल. पण पगाराची बोलणी करताना हा कागद माहीत असावा.

वर कसं चढायचं

मुलींसाठी सगळ्यात सरळ शिडी एएनएम. बारावी कुठल्याही शाखेची चालते, वय 17 ते 35, लग्न झालेलं असलं तरी अडचण नाही. मुलांना एएनएम नाही, त्यांनी थेट जीएनएम करायचं, बारावीला कुठलीही शाखा पण इंग्रजी विषय आणि 40 टक्के लागतात. एएनएम झालेली मुलगी नंतर जीएनएमला जाऊ शकते, जीएनएम झालेले 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करू शकतात. ज्यांची बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो आहे त्यांनी वळसे न घेता बीएस्सी नर्सिंगच करावं, त्याला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते. सायन्सवाल्यांना आणखी एक रस्ता आहे ज्याची माहितीच नसते, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री, सरकारी मेडिकल कॉलेजांत असतो, 3 वर्षं आणि 1 वर्ष इंटर्नशिप, लॅब, रेडिओग्राफी, कार्डिओलॉजी अशा शाखा. सरकारी कॉलेजची फी आणि प्रायव्हेट डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) फी शेजारी शेजारी ठेवून बघा.

फीचं म्हणाल तर, बीएस्सी नर्सिंगसारख्या व्यावसायिक कोर्सना 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के माफी आहे, पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. एससी-एसटीच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदं निकालाच्या आधीच काढून ठेवा, जून-जुलैत तहसीलला रांग लागते.

काम करता करता शिकता येतं का? एएनएम-जीएनएम रेग्युलर असतात, पूर्ण वेळ. म्हणून म्हणते वर्ष-दोन वर्षं जीडीए करून पैसे साठवा आणि मग सोडून शिका. नाईट करून दिवसा कॉलेज करणारे असतात, पण ते सहा महिन्यांत आजारी पडतात, मी सुचवणार नाही.

सरकारी

सगळ्यांचं लक्ष इकडेच असतं आणि का ते आकड्यांवरून कळेल. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात गट ड चा, म्हणजे कक्षसेवक-शिपाई वगैरेंचा स्केल 15,000 ते 47,600. जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका 25,500 ते 81,100, तिला एएनएम आणि नोंदणी लागते. सरकारी हॉस्पिटलची अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, 35,400 ते 1,12,400. यावर महागाई भत्ता, जो बेसिकच्या निम्म्याहून जास्त झालाय, आणि घरभाडं. म्हणजे गट ड चा नवा माणूससुद्धा प्रायव्हेटमधल्या नव्या जीएनएमच्या बरोबरीला येतो. केंद्राच्या एम्सला नर्सिंग ऑफिसरचा सुरुवातीचा बेसिक 44,900, त्याला नॉरसेट नावाची परीक्षा, आणि जीएनएमवाल्यांना किमान 50 बेडच्या हॉस्पिटलातला 2 वर्षांचा अनुभव लागतो. हे 50 बेडचं लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

भरत्या मात्र कधी निघतील याचा नेम नाही, निघाल्या तरी अर्ज लाखांत. एनएचएममध्ये, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, कंत्राटी जागा जास्त वेळा निघतात, जाहिरातींमध्ये एएनएमला 18,000 आणि स्टाफ नर्सला 20,000 असं मानधन दिसतं, भत्ते नाहीत. तरी गावाजवळ राहून काम मिळतं म्हणून मुली घेतात. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून 25,000 आणि कामावर आधारित 15,000 पर्यंत, हा त्यातल्या त्यात बरा सौदा. भरतीसाठी कुणी दोन-तीन लाख मागितले तर देऊ नका. गट ड ला सुद्धा ऑनलाइन परीक्षा होते, मधला माणूस फक्त पैसे घेतो, आणि नंबर तुमच्याच मार्कांवर लागला तरी श्रेय तोच घेतो.

घरी जाऊन पेशंट सांभाळणं

पुण्या-मुंबईत म्हातारी माणसं एकटी आणि मुलं परदेशी, त्यामुळे ब्युरोमार्फत 12 तास किंवा 24 तासांच्या केअरटेकरना फार मागणी आहे. महिन्याला हॉस्पिटलच्या जीडीएपेक्षा जास्त पैसे मिळतात हे खरं. पण ब्युरो कमिशन कापतो, पेशंट गेला किंवा ॲडमिट झाला की त्या दिवसापासून काम बंद, पीएफ बहुतेक नाहीच. आणि कामाची यादी आधी लिहून घेतली नाही तर हळूहळू भांडी, फरशी, नातवाचा डबा सगळं तुमच्याच अंगावर येतं. 24 तासांच्या कामात झोपायची जागा आणि सलग किती तास झोप हे पहिल्या दिवशीच बोलून घ्या, संकोच करू नका. मुलींनी पहिल्यांदा जाताना ब्युरोचा माणूस सोबत असावा असा हट्टच धरावा, आणि घरचा पत्ता आपल्या माणसाला पाठवून ठेवावा. दागिन्यांच्या कपाटाची किल्ली, एटीएमचा पिन असलं काही हातात घेऊ नका, मालकीण कितीही प्रेमाने देत असली तरी.

परदेश

जर्मनीचं सध्या खूप चाललंय. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्स आणि आरोग्य सेवेतले लोक आहेत. खरी अडचण भाषेची, नर्सला साधारण बी-टू पातळीचं जर्मन लागतं, त्याला मेहनत करून वर्ष-दीड वर्ष जातं. त्याशिवाय तिथंच तीन वर्षांचं नर्सिंगचं शिक्षण घ्यायची सोय आहे, शिकतानाच दरमहा पैसे मिळतात, नुसत्या बारावीवाल्याने डोळे उघडे ठेवून विचार करावा असा हा रस्ता. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदवलेला आहे का ते बघा, नोंदणीकृत एजंटला सेवेचे जास्तीत जास्त 30,000 आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. पाच लाख मागणारा कुठल्या नियमाने मागतो ते त्यालाच विचारा.

अमेरिकेतल्या मेडिकल असिस्टंटचा मधला पगार 2024 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे वर्षाला 44,200 डॉलर होता. ऐकायला मोठं वाटतं, तिथल्या घरभाड्याच्या हिशेबात फार नाही, आणि इथून त्या नोकरीसाठी कुणी व्हिसा काढून नेत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे गेलेल्या आणि कामाची परवानगी मिळालेल्या आपल्या मुली मात्र हा कोर्स करून लागतात. इथून जायचंच असेल तर बीएस्सी नर्सिंग आणि एनक्लेक्स ही तिथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा हा धड रस्ता आहे.

फाइल

एक प्लास्टिकची फाइल आजच घ्या. त्यात मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि अधिवास दाखला, लसीची नोंद, बीएलएसचं, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टच्या ट्रेनिंगचं कार्ड (दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं), प्रत्येक नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर, निदान शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा. नोकरी सोडताना नोटीस पिरियड पूर्ण करून रिलिव्हिंग लेटर घ्याच, भांडून रातोरात सोडू नका. आणि अनुभवाचा दाखला घेताना त्यात चार गोष्टी लिहून मागा: पोस्टचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या वॉर्डात, आणि हॉस्पिटल किती बेडचं. बेडचा आकडा लिहायला क्लार्क कंटाळा करतो. त्याच्या टेबलासमोर उभं राहून लिहून घ्या, कारण तीन वर्षांनी फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला ते हॉस्पिटल तुमचा फोनही उचलणार नाही.